चूक कुणी करायची

गार हवेच्या मशीनमध्ये खोली थंड कोण करतं, पाइप की तार, या एका प्रश्नावरून दाजी आणि त्यांचा मेहुणा यांच्यात अबोला झाला. प्रश्न निघाला जेवताना. मेहुणा तारेचं काम करायचा. तो म्हणाला की करंट नसेल तर दाजींचा सगळा तांब्याचा पाइप भंगारवाल्याने तोलून न्यावा. दाजी पाइपचं काम करायचे. त्यांनी सुनावलं की पाइप नसेल तर मेहुण्याच्या तारेने रिकाम्या डब्यात दिवा तेवढा लागेल, आणि त्याच्या उजेडात मेहुण्याने आपली अक्कल शोधत बसावं. दोघं ताटावरून उठले, हात धुतले आणि तोंडात गुळणी धरून बसले.

दाजी म्हणायचा हक्क खरा एकट्या मेहुण्याचा, कारण दाजींची बायको ही त्याची ताई. पण दोघं कितीतरी वर्षं एकाच कामावर जायचे, आणि त्याच्या तोंडचं ऐकून ऐकून मिस्त्री, हमाल, दुकानदार सगळेच त्यांना दाजी म्हणायला लागले होते. मेहुण्याचं लग्न झालेलं नव्हतं. तो त्याच घरात मागच्या खोलीत राहायचा. म्हणजे छप्पर एक, चूल एक, धंदा एक, आणि बोलणं बंद.

बोलणं बंद झालं म्हणून काम थोडंच थांबतं. तेव्हाच एका इमारतीचं काम हातात आलं. इमारतीत सात गाळे, प्रत्येकाला गार हवा हवी. असल्या मशीनचा एक भाग खोलीत असतो, तो गार वारा सोडतो. दुसरा भाग गच्चीवर असतो, तो खोलीतली गरमी उचलून बाहेर फेकतो. दोन्ही भाग जोडायला पाइप लागतो आणि तार लागते. गच्चीवर सातही मशीनं एका ओळीत, रांगेत बसवलेल्या पाहुण्यांसारखी मांडली होती. पाइप जोडायचे एका अंगाने आणि तारांचा डबा पाठीमागच्या अंगाला, अशी त्यांची घडण. त्यामुळे दाजी ओळीच्या या बाजूला बसले आणि मेहुणा त्या बाजूला. मध्ये मशीनं. अबोल्याला याहून सोयीची भिंत मिळाली नसती.

तरी काही गोष्टी विचाराव्याच लागतात. दाजींना भोक कुठे पाडायचं ते हवं असलं की ते खिशातून फोन काढायचे आणि घरी बायकोला लावायचे. त्याला विचार, तारेची नळी माझ्या भोकातून नेतोय की वेगळी. बायको फोन ठेवून भावाला लावायची. चार हातांवर मेहुण्याचा फोन वाजायचा, तो तिला उत्तर द्यायचा, दाजींना ते उत्तर त्याच्या तोंडून स्वच्छ ऐकू यायचं, पण ते न ऐकल्यासारखं करून बायकोच्या फोनची वाट बघायचे. फोन आला की म्हणायचे, बरं, असं म्हणतो काय तो.

बायको सोशीक होती, पण सोसण्यालाही तळ असतो. एका दुपारी तिने दोघांना वेगवेगळा फोन करून एकच वाक्य सांगितलं.

"मी थोरल्या ताईकडे चालले. तुम्ही दोघं एकमेकांशी बोललात की त्या दिवशी येईन, तोवर मला काही विचारू नका."

संध्याकाळी घरी आल्यावर दाजींनी पाहिलं तर तिने फारसं काही नेलं नव्हतं. चार लुगडी आणि कुकरची शिट्टी. कुकर जागेवर, झाकण जागेवर, शिट्टी तेवढी नाही. तिला दोघंही पुरते ठाऊक होते.

त्या दिवसापासून घरात जे शिजे ते खालून करपलेलं आणि वरून कच्चं. दोघं एकाच भांड्यातलं वाढून घेत आणि पाठीला पाठ लावून खात. दाजींना बायको घरी यायला हवी होती. आपण करपलेलं खातो याचं त्यांना एवढं वाईट वाटत नव्हतं, पण रात्री दार लावताना कडी लावलीत का म्हणून विचारणारं कुणी नव्हतं, आणि ते उठून दोनदा कडी बघून यायचे. पण आधी बोलायचं म्हणजे हरायचं. पाइप हरला असं साऱ्या बाजारात झालं असतं.

आता नेमकी गोष्ट अशी झाली की मशीनांना नंबर घालायचं काम बायको गेल्यानंतरचं होतं. कुठलं मशीन कुठल्या गाळ्याचं, ते आधी ठरवून मग जोडायचं असतं. ठरवणार कोण कुणाशी? दाजींनी आपल्या बाजूला उभं राहून डावीकडून एक ते सात आकडे खडूने घातले आणि त्याप्रमाणे पाइप खाली नेले. मेहुण्याने आपल्या बाजूला उभं राहून आपल्या डावीकडून एक ते सात आकडे रंगाने घातले आणि त्याप्रमाणे तारा नेल्या. दोघं समोरासमोर उभे. एकाची डावी ती दुसऱ्याची उजवी, हे शेंबड्या पोरालाही कळतं, पण शेंबडी पोरं एकमेकांशी बोलतात.

काम संपल्यावर सातही मशीनं एकदमच चालू केली, सगळीकडे सारखंच गार झालं. एकेक मशीन वेगळं चालवून बघायचं तर एकाने गच्चीवर उभं राहायचं आणि दुसऱ्याने खालून ओरडायचं असतं. ते कोण करणार? काम झालं म्हणून दोघं अंतर ठेवून जिना उतरले.

मग तक्रारी सुरू झाल्या.

पहिल्या गाळ्यात दातांचा डॉक्टर होता. त्याच्या खुर्चीवर पेशंट इतका कुडकुडायचा की दात वाजत आणि डॉक्टरला कुठला दात धरावा ते समजेना. सातव्यात नाच शिकवणाऱ्या बाई होत्या. तिथे मुली घामाने निथळून फरशीवरून घसरत होत्या. दुसऱ्यात शिंपी, सहाव्यात वकीलबाई. त्या दोघांची तर कमालच झाली. शिंप्याला इस्त्रीमुळे उकडे. तो भिंतीवरचा कंट्रोल खाली खाली करी. त्याची खोली होती तशीच तापलेली राही आणि वर वकीलबाईंच्या खोलीत बर्फ पडायचं तेवढं बाकी राही. बाई थंडीने कंट्रोल वर करीत, त्याने शिंप्याचा उरलासुरला गारवाही जाई. मग शिंपी आणखी खाली करी. एक जितका तापे तितकी दुसरी गोठे.

सगळे जण मालकाकडे जात. इमारतीचा मालक चौथ्या गाळ्यात बसायचा. सातांच्या ओळीत चौथा म्हणजे बरोब्बर मधला, कुठूनही मोजा, चौथाच. त्याचं मशीन घड्याळासारखं चालत होतं. तो तक्रार करणाऱ्याला आपल्या खुर्चीवर बसवायचा, वारा घ्यायला लावायचा आणि म्हणायचा, माझ्याकडे तर चालतं. तुमचीच तब्येत बघा.

तरी त्याने दाजींना बोलावलं. दाजींनी मीटर लावून पाइपमधला गॅस बघितला, ठीक होता. मग तार बघा म्हणून मालकाला सांगून ते गेले. मेहुण्याने करंट बघितला, ठीक होता. पाइप बघा म्हणून तोही गेला. असं दोनतीनदा झालं. शेवटी एकदा दाजींचा पाना हातातून सुटून मशीनांच्या फटीतून पलीकडे पडला. तो आणायला ते ओळीला वळसा घालून पहिल्यांदाच मेहुण्याच्या बाजूला गेले. वाकले, आणि डोळ्यासमोर रंगाने काढलेला सात. हे तर त्यांचं एक नंबर. पुढच्यावर सहा. हे त्यांचं दोन.

दाजी तिथेच उकिडवे बसले. पायाखालची गच्ची सरकते की काय वाटलं. मग हळूहळू बरं वाटायला लागलं, कारण चूक मेहुण्याची होती. त्याने उलटं मोजलं होतं. त्यांनी लगेच बायकोला फोन लावला आणि सांगितलं, तुझ्या भावाने उलटं मोजलं.

"त्याला सांगितलंत का?" बायकोने विचारलं.

दाजी म्हणाले, तूच सांग ना. फोन बंद झाला.

मग दाजींनी मनाशी ठरवलं की मेहुण्याला न सांगता गुपचूप आपणच पाइप बदलून टाकायचे. ते खाली गेले, भाडेकरूंना सांगायला की आता दुरुस्ती होईल. दातांच्या डॉक्टरच्या दारातच त्यांना नाचाची एक मुलगी भेटली. ती आत डोकावून म्हणत होती, बाईंनी सांगितलंय, थोडं वाढवा, आज घाम येईल असा नाच आहे. डॉक्टरने भिंतीवरचा कंट्रोल फिरवला आणि तिला म्हणाला, बाईंना सांग, माझं जरा कमी करा, आज म्हातारे पेशंट आहेत.

दाजींना वाटत होतं, हे गुपित आपल्या एकट्यालाच ठाऊक आहे. पण लोकांना सगळं कधीच कळलेलं होतं. त्याचं श्रेय जिन्याला होतं. एका दुपारी वकीलबाई लोकरीची शाल, पायमोजे आणि कानटोपी घालून शिंप्याला जाब विचारायला उतरत होत्या, आणि शिंपी नुसत्या बनियनवर, गळ्यात ओलं फडकं टाकून त्यांना जाब विचारायला चढत होता. मधल्या वळणावर दोघं समोरासमोर आले. दोघांनाही वाटलं समोरच्याचं डोकं फिरलंय. मग त्यांनी जिन्यातून एकमेकांना ओरडून सांगत कंट्रोल फिरवून बघितले, आणि ज्याचा कंट्रोल त्याचा वारा नाही हे उघड झालं. संध्याकाळपर्यंत साऱ्या इमारतीने जोड्या लावल्या. पहिल्याचा गारवा सातव्याच्या हातात, सातव्याचा पहिल्याच्या. दुसऱ्याचा सहाव्याच्या. तिसऱ्याचा पाचव्याच्या.

दाजी म्हणाले, मी नीट करून देतो. तर सगळे अंगावर आले.

वकीलबाईंनी चष्मा काढून सांगितलं की हात लावाल तर तुमच्यावर खटला भरीन. त्यांचा आणि शिंप्याचा खटला आधी चालू होता. शिंप्याने जिन्यात पुतळा उभा करून त्यांची पाटी झाकली होती. तो खटला त्यांनी मागे घेतला, कारण ज्याच्या हातात आपला गारवा त्याच्याशी कोर्टात कसं भांडायचं? शिंप्याने पुतळा काढला आणि बाईंचा काळा कोट उसवला होता तो रफू करून दिला. तिसऱ्या गाळ्यात शोभेचे मासे विकणारा आणि पाचव्यात चष्मेवाला, ते दोघं कधी एकमेकांकडे बघतही नव्हते. आता चष्मेवाल्याने मासेवाल्याला चष्मा करून दिला होता. तो लावल्यावर मासेवाल्याला प्रथमच कळलं की आपण रोज चारा घालतो त्यातले दोन मासे प्लास्टिकचे आहेत. डॉक्टर तर रोज संध्याकाळी दोनदोन पायऱ्या ओलांडत वरच्या मजल्यावर नाचाच्या बाईंकडे जायचा, उद्या किती ठेवू विचारायला, आणि बाई म्हणत, बसा, सांगते.

दाजी हात हलवत जिना उतरले. आपल्या आयुष्यातलं सगळ्यात वाईट काम लोकांना एवढं आवडावं याचा राग धरावा की आनंद, ते त्यांना ठरवता येईना. तेवढ्यात मालकाने आत बोलावलं, दार लावून घेतलं आणि बराच वेळ टेबलावरचा कागददाब फिरवत बसला.

मग हळूच म्हणाला, "दाजी, माझंही चुकवून द्या."

त्याचं म्हणणं असं होतं की सबंध इमारतीत त्याच्याकडे कुणी येत नाही. आधी तक्रारीला तरी यायचे. आता सगळे एकमेकांकडे येतात-जातात, जिन्यात हसतात, आणि हा मधोमध बसलेला, ज्याला कुणाचं काही लागत नाही आणि ज्याच्यावाचून कुणाचं काही अडत नाही. त्याने प्रत्येकाला विचारून पाहिलं होतं, पण आपली जोडी मोडायला कुणी तयार नव्हतं. म्हणून त्याने ठरवलं होतं की खाली वॉचमनच्या खोलीला आठवं मशीन घ्यायचं आणि त्याच्याशी आपलं चुकवून घ्यायचं. वॉचमनने सांगितलं होतं की साहेब, माझा पंखा बरा आहे. पण मालकाने ऐकलं नाही.

चुकवून देणं हे काम दाजींनी आजवर कधी घेतलं नव्हतं. पण कामाला नाही म्हणायची त्यांची सवय नव्हती. त्यांनी जुना गॅस काढला, पाइप कापले, मालकाच्या मशीनचा पाइप वॉचमनकडे नेला आणि नव्या मशीनचा मालकाकडे. वेल्डिंग असं केलं की जोड दिसू नये. नायट्रोजन भरून गळती बघितली, हवा ओढून घेतली, गॅस भरला. इतकी सुबक चूक सगळ्या बाजारात कुणी केली नसेल.

आणि ओळीच्या पलीकडे बसून मेहुण्यानेही आपलं काम केलं. मालकाने त्यालाही सांगितलंच होतं. त्याने मालकाच्या कंट्रोलची तार नव्या मशीनला जोडली आणि वॉचमनच्या कंट्रोलची मालकाच्या मशीनला. टोकं घट्ट, वर टेप, वायरी शिस्तीत बांधलेल्या.

मालकाने सगळ्या भाडेकरूंना जमवलं. मोठ्या आशेने त्याने आपला कंट्रोल फिरवला आणि वॉचमनच्या उत्तराची वाट बघत राहिला. गार वारा त्याच्याच कपाळावर आला.

मग वकीलबाईंनीच उलगडून सांगितलं की दोघांनीही चुकवलं, त्यामुळे बरोबर झालं. मालकाचा चेहरा असा पडला की शिंप्याने त्याला खुर्ची दिली.

मालक गच्चीवर आला. दाजी म्हणाले, माझी चूक मी चोख केली आहे, त्याला सांगा त्याची काढायला. मालक पलीकडे गेला. मेहुणा म्हणाला की मालकांनी मला सांगितलं तेवढीच चूक मी केली, आता पाइपवाल्यांनी आपली काढावी. मालक परत आला. दाजींनी उलट निरोप दिला. मालक पुन्हा गेला. असा तो बिचारा उन्हात ओळीला वळसे घालत राहिला, आणि शेवटी आठव्या मशीनवर हात टेकून म्हणाला, "मी इमारतीचा मालक आहे, दाजी. तुमचा टेलिफोन नाही." आणि जिन्याच्या सावलीत जाऊन बसला. त्याच्या मागे सारे भाडेकरू पायऱ्यांवर दाटीने बसले, नाटकाला बसावेत तसे.

आजवर दोघांचं भांडण होतं की चूक माझी नाही. आता भांडण होतं की चूक माझीच राहू दे. दाजींना ते कळत होतं, आणि हेही कळत होतं की खरा हिशोब सोपा आहे. पाइपची चूक काढायची तर पुन्हा गॅस काढा, पुन्हा कापा, पुन्हा वेल्डिंग, पुन्हा गळती बघा. तारेची चूक काढायला एक स्क्रू ड्रायव्हर पुरे. म्हणजे पाइपची चूक ठेवायची आणि तारेची काढायची. पण हे मेहुण्याला कुणीतरी सांगायला हवं होतं, आणि सांगायचं ते असं की चूक माझ्याकडे.

ते वाकले. मशीनांच्या खालच्या फटीतून मेहुण्याचे पाय दिसत होते, आणि जमिनीवर टेकलेला एक हात. त्या हाताच्या बोटांना फोड होते. काल रात्री भांडं उतरवताना चटका बसला होता, दाजींनी पाहिलं होतं आणि मलमाची डबी न बोलता त्याच्या खोलीच्या उंबऱ्यावर ठेवली होती. डबी सकाळी तशीच होती. ज्याने ठेवली त्याने सांगितलं नाही, मग ज्याच्यासाठी ठेवली त्याने कशी लावावी?

दाजींनी घसा साफ केला. इतक्या दिवसांत त्या दिशेने आवाज काढलेला नव्हता, तो जरा फाटकाच निघाला.

"चूक माझ्याकडे राहू दे. तू तुझी काढ."

पलीकडचा हात उचलला गेला. मग मशीनच्या पाठीमागून आवाज आला.

"कुठल्या बाजूने मोजू, दाजी?"

हा प्रश्न महिन्यापूर्वी विचारायचा होता. दाजी म्हणाले, माझ्या बाजूने. मेहुणा म्हणाला, तुमच्याच का? दाजी म्हणाले, बरं, तुझ्या बाजूने मोज. मेहुणा म्हणाला, तसं नको, उगाच उपकार नकोत. मग दोघं आपापल्या बाजूने चालत ओळीच्या टोकाशी आले, तिथे समोरासमोर उभे राहिले आणि पहिल्या मशीनच्या डोक्यावर दोघांनी हात ठेवला. हे एक. इथून पुढे दोघं एकत्र मोजत गेले, आणि मेहुण्याने दाजींच्या खडूवर रंग फिरवला.

मेहुण्याने दोन तारा काढल्या, दोन लावल्या. खाली मालकाने कंट्रोल फिरवला. काहीच झालं नाही. तो आनंदाने जवळजवळ पळतच वॉचमनच्या खोलीपाशी गेला, दारात थांबला आणि पहिल्यांदाच स्वतः दार वाजवून म्हणाला, माझं जरा वाढवता का? वॉचमनने त्याच्याकडे नीट पाहिलं. एवढी वर्षं सलाम ठोकला होता, आज साहेबाचा गारवा त्याच्या हातात आला होता. तो म्हणाला, बसा साहेब, आधी माझं वाढवून या.

मेहुण्याने गच्चीवरूनच बहिणीला फोन लावला. ताईने हॅलोसुद्धा म्हटलं नाही, बोललात का एवढंच विचारलं. मेहुण्याने हो म्हटलं. तिने विचारलं, आधी कोण बोललं? मेहुण्याने दाजींकडे पाहिलं आणि सांगितलं, मी. दाजींनी फोन हिसकावून घेतला आणि म्हणाले, खोटं सांगतोय, मी. तिने म्हटलं की भाज्या आणून ठेवा, मी निघते.

संध्याकाळी ती आली. पिशवी कोपऱ्यात ठेवली, पदराच्या गाठीतून शिट्टी काढली आणि कुकरवर बसवली. जेवायला बसायच्या आतच मेहुणा म्हणाला की शेवटी तारेनेच काम झालं ना, दोन स्क्रू फिरवले आणि मालक खूश. दाजी म्हणाले, चूक पाइपची म्हणून खूश, विचार त्याला. मेहुणा म्हणाला, चुकीला करंट लागतो, दाजी. दाजी म्हणाले, आणि गारव्याला वाट कोण देतं? दोघं गुडघ्याला गुडघा लावून बसले होते आणि एकमेकांच्या तोंडावर बोटं नाचवत होते. तिने दोघांच्या मधून हात घालून तिथे पडलेला दाजींचा फोन उचलला, बंद केला आणि डब्यात टाकून झाकण लावलं.

कुकरची शिट्टी झाली. दोघांनाही ती ऐकू आली नाही. तिने उठून गॅस बारीक केला आणि जाता जाता भावाच्या बोटांना मलम लावलं. तो बोलतच होता.